रणगाडा किती ॲव्हरेज देतो?

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे यंत्र बघायची एक रीत आहे. यंत्र कुठलंही असो, नवा ट्रॅक्टर असो, शेजाऱ्याने आणलेला रोटाव्हेटर असो की दवाखान्यातलं एमआरआय, माणूस आधी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, जिथे पत्रा दिसेल तिथे बोटाच्या पेराने टकटक करतो आणि विचारतो, "कितीला पडलं?" मग "ॲव्हरेज काय देतं?" आणि सरतेशेवटी, मालकाला वाईट वाटू नये म्हणून आवाज जरा खाली आणून, "काढायचं झालं तर किती येतील?" एवढं कळलं की त्या यंत्राबद्दल जाणून घेण्यासारखं काही उरत नाही. ते करतं काय, हा प्रश्न चौथा. तोवर चहा आलेला असतो.

शहरातले पाहुणे या प्रश्नांना हसतात. मीही पूर्वी हसायचो. पण नगरच्या रणगाडा संग्रहालयात आमच्या माणसांबरोबर एक सकाळ काढल्यापासून माझं मत झालंय की आमच्यातल्या दोन-चार जणांना लष्कराच्या खरेदी समितीवर घ्यायला हरकत नाही.

निघालो होतो आम्ही लग्नाला. आळेफाट्यावरून बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत नगर नव्वदेक किलोमीटर. कागदोपत्री ते आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच. तसं पाहिलं तर मलिक अहमद निजामशहाची गादी आधी जुन्नरला होती, १४९४ साली त्याने नगर वसवायला घेतलं. त्यामुळे नगर ही आपलीच शाखा आहे असं जुन्नरकर मानतात आणि नगरच्या सोयऱ्यांना ते ऐकवायची संधी सोडत नाहीत. मुहूर्त दुपारचा होता. दुपारचा म्हणजे नक्की कितीचा, हे मुलीकडचंही कुणी सांगेना. कार्यालयात जाऊन खुर्च्या मोजत बसण्यापेक्षा रणगाडे बघू, असं भाच्याने सुचवलं आणि फेटे, पैठण्या, आहेराच्या पिशव्या यांच्यासकट आमचं वऱ्हाड भिंगारच्या छावणीकडे वळलं.

हे संग्रहालय लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं. १९९४ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी त्याचं उद्घाटन केलं. पन्नासच्या आसपास चिलखती गाड्या आणि रणगाडे तिथे झाडांच्या सावलीत ओळीने उभे आहेत: इंग्रजांचे, अमेरिकनांचे, रशियनांचे, जपान्यांचे. ज्यांनी एकमेकांवर गोळे टाकले ते आता शेजारी-शेजारी उभे. यातली सगळ्यांत म्हातारी गाडी म्हणजे चिलखत घातलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. १९१४ साली लढाई सुरू झाली तेव्हा इंग्रजांच्या नौदलाने या राजेशाही मोटारीवर पोलाद चढवलं, वर मशीनगन बसवली, आणि ती इतकी टिकाऊ निघाली की वाळवंटातही खुशाल धावली. काकूंनी तिच्याकडे बघून पहिलं वाक्य टाकलं, "नवरदेवाला असली गाडी पाहिजे होती." यावर भाच्याने वरच्या मशीनगनकडे बोट दाखवून "हुंड्याचं बोलणं लवकर आटपलं असतं" म्हटलं आणि फटका खाल्ला.

आमचे तात्या मात्र एव्हाना पुढे गेले होते. तात्यांचं उभं आयुष्य बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात गेलं. बैलाचे दात न बघता नुसत्या चालीवरून वय सांगणारा हा माणूस. ते मटिल्डा नावाच्या इंग्रजी रणगाड्याभोवती फिरले, पट्ट्याची एकेक कडी दाबून पाहिली, चाकाला हात लावून ग्रीस शोधलं, दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी केली आणि बोटांचा इशारा करून जवानाला बोलावलं. हरियाणाकडचा तरुण मुलगा होता. तात्यांचं हिंदी बैलबाजारात घडलेलं.

"जवान, ये भागता कितना?"

जवान म्हणाला, रस्त्याने तासाला पंचवीसेक किलोमीटर, शेतात त्याच्या निम्मं.

तात्यांनी माझ्याकडे वळून निकाल दिला, "ह्याची बारी बसायची न्हाय."

आमच्या भागात बैलगाडा शर्यतीचा घाट असतो आणि तिथे सेकंदाच्या तुकड्यावरून सोयरीक मोडते. ही शर्यत २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केली, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. या मधल्या वर्षांत आमच्याकडे लोक जितके कायदेपंडित झाले तितके एलएल.बी. करूनही होत नाहीत. तेव्हा मटिल्डाची वेळ घाटात बसणार नाही हे मत जाणकाराचं होतं. आणि गंमत अशी की इंग्रज सेनापतींचीही नेमकी हीच तक्रार होती. मटिल्डाच्या पुढच्या अंगाला ७८ मिलिमीटर जाडीचं पोलाद, सुरुवातीला तिला भेदणारा गोळाच सापडेना; पण पायदळाच्या चालीने चालणारी ही बाई मैदान सोडून पळणाऱ्याला कधी गाठू शकायची नाही.

खरी मजा सेंच्युरियन रणगाड्यापाशी आली.

"जवान, ये पर लिटर कितना देता?"

जवान हसला. हा प्रश्न त्याला रोज येत असावा. "ताऊजी, एक लिटर में कितने किलोमीटर, ये मत पूछो. एक किलोमीटर में कितने लिटर, ये पूछो."

तात्यांनी फेटा मागे सारला. हिशोब असा की सुरुवातीच्या सेंच्युरियनच्या टाक्यांत साधारण साडेपाचशे लिटर पेट्रोल मावायचं आणि तेवढ्यावर तो चांगल्या रस्त्याने जेमतेम शंभर किलोमीटर जायचा. आळेफाट्याला टाकी फुल केली तर नगरला पोचतो. परतीचं भाडं मारायचं तर नगरात पुन्हा पंप गाठायचा. शिवाय ते पेट्रोल, डिझेल नव्हे. आमच्या वऱ्हाडातल्या चारचाकीवाल्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि सगळे एकदम गंभीर झाले. लढाईची भीषणता त्या क्षणी त्यांच्यापर्यंत पोचली.

यावर इंग्रजांनी काढलेला उपाय जवानाने सांगितला तो तर तात्यांना फारच आवडला. रणगाड्याच्या मागे एका चाकाची चिलखती ट्रॉली जोडायची आणि तिच्यात आणखी नऊशे लिटर पेट्रोल भरायचं! म्हणजे समोरून गोळे येतायत आणि आपण मागे पेट्रोलची गाडी बांधून चाललोय. "आपल्या ट्रॉलीला मागं रेडियम लावायला सांगतात," तात्या म्हणाले, "ह्याला काय लावत असतील?"

हसण्यावारी नेऊ नका. १९४४ च्या ऑगस्टअखेरीला फ्रान्समध्ये अमेरिकेच्या जनरल पॅटनची अख्खी फौज जर्मनांच्या मागे सुसाट धावत असताना अडली ती जर्मनांनी अडवली म्हणून नव्हे, पेट्रोल संपलं म्हणून. तात्या तिथे असते तर त्यांनी निघण्याआधीच विचारलं असतं.

सेंच्युरियनचं इंजिन म्हणजे रोल्स-रॉइसचं मीटिओर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानात जे मर्लिन इंजिन होतं, त्याचाच हा जमिनीवर उतरवलेला भाऊ. सत्तावीस लिटरचं, बारा सिलिंडरचं, साडेसहाशे हॉर्सपॉवरचं. विमानाचं इंजिन काढून रणगाड्याला बसवणं हा उद्योग ऐकल्यावर आमच्यातल्या एकाला आपण जीपचं इंजिन काढून उसाच्या चरकाला बसवलं होतं त्याची आठवण झाली आणि पोलीस पाटलाने त्याला कसं छळलं हेही त्याने सविस्तर सांगितलं. इंग्रजांना कुणी पोलीस पाटील आडवा आला नाही, एवढाच फरक.

शर्मनची कथा त्याहून वरताण. अमेरिकेत रणगाड्यांची मागणी इतकी वाढली की इंजिनं पुरेनात. तेव्हा क्रायसलर कंपनीने मोटारींची पाच इंजिनं गोल मांडून एकमेकांना जोडली आणि ते तीस सिलिंडरचं प्रकरण शर्मनच्या एका प्रकारात बसवलं. सगळ्यांना वाटलं हे रस्त्यात बसणार. ते चाललं, आणि चांगलं चाललं. तात्यांनी कंपनीवाल्याला मनापासून हात जोडले. "पाच भाऊ एका घरात चालिवले! आमच्यात दोघांचं पटंना."

याच शर्मनला पुढे एक आडवा रूळ जोडून, त्याला त्रेचाळीस साखळ्या लावून, त्याचा क्रॅब केला होता. रूळ गरागरा फिरतो, साखळ्या जमिनीवर आपटतात, खाली पुरलेले सुरुंग फुटतात आणि मागून पायदळ जातं. काम करताना चाल ताशी दोन किलोमीटर. त्याच्यासमोर आमचं अख्खं वऱ्हाड थांबलं. सगळ्यांना एकच शंका. शेवटी काकूंनीच ती बोलून दाखवली, "हे मळणीचं मशीन हिकडं काय करतंय?"

जवानाला हसू आवरेना. पण काकू बरोबर होत्या, आणि त्यांना वाटलं त्याहून जास्त बरोबर. कारण रणगाड्याचं मूळच शेतात आहे. नांगरटीसाठी बनवलेला अमेरिकन होल्ट कंपनीचा पट्ट्यांचा ट्रॅक्टर चिखलात रुतत नाही हे पाहूनच इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात ही कल्पना शिरली, आणि १९१५ साली पहिला नमुना बांधला तो लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर कंपनीने. ही कंपनी मळणीयंत्रं बनवायची. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या रणभूमीवर पहिल्यांदा रणगाडे उतरले. आणलेले एकोणपन्नास, त्यांतले कित्येक जागेवरच बंद पडले, काही खड्ड्यात गेले, मोजकेच पलीकडे पोचले. मळणीच्या हंगामातला ज्याला अनुभव आहे त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मशीन बंद पडतं ते ऐन खळ्यावरच. लष्करी इतिहासकारांनी यावर ग्रंथ लिहिलेत. काकूंनी एक नजर टाकून सांगितलं.

आर्चर नावाच्या गाडीपाशी मात्र जाणकारांमध्ये फूट पडली. आर्चर दिसायलाच उलटा. गाडीचं तोंड एकीकडे आणि तोफेची नळी मागे. आमच्यातल्या निम्म्यांनी ठरवून टाकलं की जोडताना चुकलंय, मग खालच्या अंगाला सही कुणी केली, चौकशी व्हायला पाहिजे वगैरे. वस्तुस्थिती अशी की व्हॅलेंटाइन नावाच्या छोट्या रणगाड्याच्या सांगाड्यावर एवढी लांब तोफ पुढे बसवली तर तोल जातो, म्हणून ती मागे तोंड करून बसवली. ती उडताना तिचा बुडखा मागे सरकायचा तो थेट ड्रायव्हरच्या जागेत; म्हणून तोफ डागताना ड्रायव्हरने जिवाला जपायचं. आता हे ऐकून हसायला येतं खरं. पण मोक्याच्या जागी गाडी उलटी लावायची, शत्रू टप्प्यात आला की गोळा टाकायचा आणि गाडी न वळवता गिअर टाकून सरळ पुढे निघून जायचं. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. "हाणायचं आन् त्वांड न फिरवता पळायचं," तात्यांनी मान डोलावली. "इंग्रजाला लईच उशिरा सुचलं."

आणि मग आला पॅटन. ही आपण जिंकून आणलेली चीज, त्यामुळे फोटो काढायला रांग. अमेरिकेचा हा रणगाडा १९६५ साली पाकिस्तानचा हुकमी एक्का होता. त्याच्यापुढे आपल्याकडे काही जुने शर्मन, फ्रान्सचे हलके एएमएक्स आणि थोडे सेंच्युरियन. खेमकरणजवळच्या असल उत्तर गावापाशी ८ ते १० सप्टेंबरला गाठ पडली. आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेसारखी रांग लावली, रणगाडे उभ्या उसात घातले आणि रात्रीतून पाटाचं पाणी शेतांत सोडलं. सकाळी पॅटन आले ते सरळ त्या चिखलात. चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड, खाली गुडघाभर राड, समोर पुरुषभर उंचीचा ऊस. पुढचं काही दिसेना, मागे वळता येईना. आणि आत आपले सेंच्युरियन बिबट्यासारखे दबा धरून बसलेले.

जवान हे रंगवून सांगत होता आणि आमचं वऱ्हाड गप्प होत चाललं होतं. युद्धामुळे नव्हे. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांना ऊस घालणारी ही माणसं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो भाव उमटत गेला तो शत्रूविषयी तिरस्काराचा नव्हता, तर निव्वळ अविश्वासाचा. अखेर एकाने विचारलंच, "पाणी दिलेल्या उसात गाडी घातली?"

"जी."

"रात्री पाणी दिलेलं, आन् सकाळी घातली?"

"जी, अंकल."

"त्यांच्यात शेतकरी न्हवता का एक पण?"

याला लष्करी शास्त्रात उत्तर नाही. वापसा आल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांना ते कुणी सांगितलं नाही. पाकिस्तानने तिथे जवळपास शंभर रणगाडे गमावले. त्यांतले कित्येक इंजिन शाबूत असताना सोडून दिलेले. हे सोडून दिलेले रणगाडे भिखीविंडजवळ एकत्र उभे केले त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. आमच्याकडे आवर्तन कधी सुटणार यावर मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो. त्या रात्री मात्र आवर्तन अगदी वेळेवर सुटलं. तात्यांनी या लढाईचं श्रेय पायदळाला, रणगाडादळाला आणि ज्या कुणी दार उचललं त्या माणसाला असं तिघांत सारखं वाटून दिलं. जीपवरच्या तोफेने एकामागून एक पॅटन उडवणाऱ्या अब्दुल हमीदांचं नाव निघालं तेव्हा भाच्याने फोनवरचं गाणं बंद केलं.

ॲव्हरेज विचारलं गेलं नाही असा एकच रणगाडा त्या दिवशी निघाला. फामागुस्ता त्याचं नाव, पुना हॉर्सचा सेंच्युरियन, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. रणगाडा पेटलाय, बाहेर या, असा हुकूम आल्यावर माझी तोफ अजून चालतेय म्हणून आत राहिलेला एकवीस वर्षांचा मुलगा. तो रणगाडा नगरच्या सेंटरने जपलाय. जवानाने हे सांगितलं ते न हसता, नजर पुढे ठेवून. आमच्यातलेही कुणी काही बोललं नाही. मग काकूंना मुहूर्ताची आठवण झाली.

विमानांच्या बाबतीत आमची रीत थोडी कमी पडते, कारण प्रदक्षिणा घालता येईल इतकं जवळ विमान मिळत नाही. जुन्नर तालुक्यात आकाशाकडे तोंड केलेलं यंत्र म्हणजे खोडदची जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत त्या दुर्बिणीच्या. नारायणगावला पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, "हे मिसाईलसाठी आहे का हो?" आम्ही गंभीर चेहरा करून "ते सांगायची परवानगी नाही" असं म्हणतो. खरं म्हणजे ती तबकडी बिचारी दूरच्या ताऱ्यांची कुजबुज ऐकत बसलेली असते, आणि तिला सगळ्यांत मोठा धोका कुणाचा असेल तर तुमच्या-आमच्या मोबाईलचा.

ओझरचाही असाच घोटाळा. आमचं ओझर विघ्नहराचं, अष्टविनायकातलं. नाशिकचं ओझर एचएएलचं, जिथे मिग-२१ बांधले जायचे. आम्ही नवी गाडी घेतली की नंबर यायच्या आत आमच्या ओझरला नेतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि मगच गिअर टाकतो. त्या ओझरच्या गाडीला असलं काही लाभलं होतं की नाही कोण जाणे. पण १९६३ साली हवाई दलात आलेला मिग-२१ निरोप घेऊन बाहेर पडला तो थेट २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडमध्ये. बासष्ट वर्षं! एसटी महामंडळही लाल डब्याला एवढं वापरत नाही.

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत नावाचं आपलं देशी लढाऊ विमान ठेवलंय. आमच्याकडच्या शाळांच्या सहली तिथे जातात. बंगळूरला ते बनवलं कुर्ट टँक नावाच्या जर्मन अभियंत्याने. टँक आडनावाचा माणूस आयुष्यभर विमानं बनवत राहिला. याला म्हणतात घराण्याशी फारकत. १९६१ साली मारुत उडालं, देखणं होतं, ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं म्हणून आखलेलं होतं, पण तेवढ्या ताकदीचं इंजिन काही शेवटपर्यंत मिळालं नाही. मास्तरांनी हे सांगितल्यावर एका पोराने विचारलं, "पंचावन्नच्या बॉडीत पस्तीसचं इंजिन बसवलं का, सर?" त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मारुतवर झालेलं सगळं तांत्रिक लेखन या एका वाक्यात बसतं.

गोव्याला वास्कोजवळ बोगमाळोत नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. आमची माणसं गोव्याला जातात ती वेगळ्या कारणांसाठी, पण पाऊस लागला तर तिथेही पोचतात. अंगणात सुपर कॉन्स्टेलेशन हे चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, एकेकाळी एअर इंडियाचे बडे प्रवासी नेणारं विमान उभं आहे. आणि सी हॅरियर आहे. सी हॅरियर जागच्या जागी सरळ खाली उतरू शकतं, धावपट्टी लागत नाही, हे ऐकल्यावर आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातून आलेले एक गृहस्थ भारावून गेले. त्यांच्या गावाने विमानतळाच्या भूसंपादनाविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. अखेर २०१६ मध्ये तो प्रकल्प पुरंदरला गेला आणि मग तिकडची गावं लढू लागली. "अशी विमानं होती, तर मग आमची जमीन कशाला मागत होते?" असं त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं. तो केरळचा होता.

ही सी हॅरियर आणि त्याआधीची सी हॉक ज्या विक्रांतवरून उडायची, ते जहाज म्हणजे आमच्या तिसऱ्या प्रश्नाचं सरकारी उत्तर. १९६१ साली नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात गाजलेली, १९९७ मध्ये निवृत्त झालेली, मग मुंबईत २००१ पासून अकराएक वर्षं तरंगतं संग्रहालय झालेली विक्रांत. पुढे तिचा खर्च झेपेना, आणि "काढायचं झालं तर किती येतील?" हे अखेर विचारावंच लागलं. २०१४ मध्ये लिलाव झाला. साठेक कोटी आले. २०१६ मध्ये बजाजने तिच्या पोलादाचा अंश वापरून व्ही नावाची मोटारसायकल काढली, आणि तीच घेऊन आमचा भाचा रोज मंचरहून चाकणला कंपनीत जातो. मागे डबा, पुढे विमानवाहू नौका. ट्रॅफिकमध्ये कुणी कट मारला की तो "बाबा, युद्धनौका आहे, बाजूला हो" असं म्हणतो. अजून तरी कुणी झालेलं नाही.

शिवाय हा प्रश्न काही आजचा नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ नगरातच ओतलेली, १५४९ साली. वजन पंचावन्न टन, म्हणजे सेंच्युरियनपेक्षा चार टन जास्त. ती ओढून नेताना चारशे बैल आणि दहा हत्ती लागले अशी कथा सांगतात. (तात्यांनी लगेच विचारलं, त्यांत बेल्ह्याचे किती.) १८५४ साली इंग्रजांनी ती अडगळ म्हणून लिलावात काढली तेव्हा सगळ्यांत वरची बोली आली दीडशे रुपये. कुणा शहाण्याने तो लिलाव रद्द केला. टनाला पावणेतीन रुपये पडले असते. "त्या दिवशी आपलं कुणी तिथं न्हवतं," तात्या हळहळले.

या सहलीचा परिणाम असा झाला की जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर असलेल्या एका गावात (नाव सांगत नाही, मला तिथून जायचं असतं) ग्रामसभेपुढे विषय आला: आपल्याही फाट्यावर एक रणगाडा पाहिजे. निवृत्त रणगाडे, विमानं चौकांत, शाळा-कॉलेजांत ठेवायला मिळतात, आणण्याचा आणि चौथऱ्याचा खर्च आपला. रणगाडा की विमान यावर तासभर गेला. विमान म्हणणाऱ्यांचं म्हणणं, सेल्फी चांगला येतो. रणगाडावाल्यांचं म्हणणं, विमानावर कावळे बसतात. मग कुणीतरी पन्नास टनांचा आकडा काढला आणि ओढ्यावरच्या पुलाचा विषय निघाला, जो उसाच्या भरल्या ट्रॉलीला कसाबसा धरतो. म्हणून रणगाडा ओढ्याच्या अलीकडेच उतरवायचं ठरलं. म्हणजे अलीकडच्या आळीत. पलीकडची आळी उठून चालती झाली. तिला समजावून परत आणली.

खरा पेच पुढेच होता. नळी कुणीकडे करायची? जुन्नरकडे केली तर जुन्नरवाले काय म्हणतील, आंबेगावकडे केली तर आपल्याच सोयऱ्यांना काय वाटेल. नाशिककडे करावी तर पाहुणे तिकडचेच जास्त. पुण्याकडे करावी तर जिल्हा परिषदेत अडकलेल्या फाइली कायमच्या अडकतील. आकाशाकडे करा, असं एकाने सुचवलं. त्यावर पाऊस नळीत साचून डास होतील, हा आरोग्यसेविकेचा मुद्दा निघाला. भाच्याने आर्चरचं नाव काढून पाहिलं, तर ते कुणाला कळलं नाही आणि ज्यांना कळलं त्यांनी त्याला खाली बसवलं.

तात्या एवढा वेळ गप्प होते. आता त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं, "फुकट देत्यात म्हनता. इंजिन चालू असतंय का?"

"नाही तात्या, चालत नाही तो. शोभेचा असतो."

"आन् आणायचं भाडं आपलं, चौथरा आपला, रंग आपला."

"हो."

"मंग फुकट कुठं झाला?" तात्या फेटा उचलून उठले. "बंद पडलेली गाडी भाडं भरून घरी आणायची, तर माझ्या जावयाचा टेम्पो उभाय की."